पुस्तकातली मान आणि माणसाची मान



आजच्या विषयाची पाटी वाचून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाईवर बोलावे. मानेतल्या धमन्यांशी त्याचा काय संबंध? मी डॉक्टर नाही आणि माझे शाळेतले शिक्षणही थोडकेच झाले. तरीही हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. ज्या लोकांत मी वावरलो ते मानेच्या बळावर जगतात. साखरेचे पोते पाठीवर येते तेव्हा त्याचा ताण मानेला सोसावा लागतो. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी बाई तो भार मानेवरच तोलते. कष्टाला आपल्या भाषेत शब्दच आहे, मान मोडून काम करणे. तेव्हा ही मान आतून कशी असते, आणि ती सर्वांची एकसारखी असते काय, हा प्रश्न दवाखान्याइतकाच गोदामाचा आणि उसाच्या फडाचाही आहे.

आपण प्रथम एक करा. कंठमण्याच्या बाजूला, जिथे मानेचा जाड स्नायू सुरू होतो, तिथे दोन बोटे हलकेच ठेवा. एकाच बाजूला ठेवा आणि दाबू नका. आत काहीतरी उडते आहे असे कळेल. ती मानेची मोठी धमनी. डॉक्टर तिला कॅरॉटिड म्हणतात. हे नाव ग्रीक लोकांनी दिले आणि त्याचा संबंध गुंगीशी आहे. दोन्ही बाजूंच्या या धमन्या दाबल्या तर माणूस बेशुद्ध पडतो, हे त्यांना ठाऊक होते. आपल्या सुश्रुतानेही मानेच्या दोन्ही बाजूंना मर्मे सांगितली आहेत आणि त्यांतल्या काहींना इजा झाली तर तत्काळ मरण, काहींना झाली तर वाचा जाते, असा भेद केला आहे.

आता आतला नकाशा पाहू. वारणेच्या काठच्या माणसाला तो समजावून देणे सोपे आहे, कारण आपण पाटाच्या पाण्याला दारे धरणारे लोक. हृदयातून निघणारी महाधमनी हा मुख्य कालवा. तो छातीत वर चढतो, कमानीसारखा वळतो आणि खाली पोटाकडे जातो. या कमानीच्या माथ्यावरून तीन फाटे निघतात. पहिला फाटा थोडा वर जाऊन दुभंगतो. त्यातला एक उजव्या हाताकडे जातो, दुसरा मानेच्या उजव्या बाजूने डोक्याकडे. कमानीचा दुसरा फाटा मानेच्या डाव्या बाजूने वर जातो. तिसरा डाव्या हाताला रक्त पुरवतो. मानेतल्या दोन्ही मोठ्या धमन्या कंठमण्याच्या वरच्या कडेशी पुन्हा दुभंगतात. एक शाखा मेंदूकडे, एक चेहऱ्याकडे. याशिवाय हातांकडे जाणाऱ्या धमन्यांतून एकेक बारीक शाखा निघते आणि मानेच्या मणक्यांच्या भोकांतून, दोऱ्यात मणी ओवावेत तशी, वर मेंदूत जाते. मानेचे मणके सात. त्यांतल्या सहाव्यात ती शिरते. असे चार प्रवाह मेंदूला पोचतात.

हा झाला पुस्तकातला नकाशा. वैद्यकीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी तो पाठ करतो. मग तो शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभा राहतो आणि पहिल्या काही दिवसांतच त्याला दिसते की समोरच्या देहात काहीतरी निराळे आहे. कमानीवरून तीन फाटे निघतात, हे शंभरांपैकी साधारण सत्तर-ऐंशी जणांच्या बाबतीत खरे. दहा-पंधरा जणांत डावीकडची मानेची धमनी स्वतंत्र न निघता उजवीकडच्या फाट्याशी जोडून निघते. इंग्रजी पुस्तकांत या प्रकाराला बैलाची कमान असे म्हणण्याची रूढी पडली आहे, आणि ती चुकीची आहे. गाई-बैलांत कमानीवरून सर्वांचा मिळून एकच मोठा फाटा निघतो. माणसात तसे होत नाही. नाव ठेवणाऱ्याने गोठ्यात नीट पाहिले नसावे! शंभरात तीन-चार जणांची मणक्यांतून जाणारी डावी धमनी थेट कमानीवरूनच निघते. कोणाची मानेची धमनी कंठमण्याच्या वर जाऊन दुभंगते, कोणाची पुष्कळ खाली. आणि शंभरात सुमारे एकाच्या शरीरात उजव्या हाताची धमनी कमानीच्या अगदी डाव्या टोकाला उगम पावते आणि बहुधा अन्ननलिकेच्या मागून आडवी होऊन उजवीकडे येते.

असे का व्हावे? गर्भ चार आठवड्यांचा असतो तेव्हा त्याच्या गळ्याच्या भागात रक्तवाहिन्यांच्या जोड्या कमानींसारख्या तयार होऊ लागतात. पुस्तके त्यांच्या सहा जोड्या मोजतात. पाचवी बहुधा नावापुरती असते. या कमानी सगळ्या टिकत नाहीत. पुढच्या चार-पाच आठवड्यांत काही आटतात, काही रुंदावतात, काही एकमेकींत मिळतात. तिसऱ्या जोडीतून मानेच्या धमन्या होतात. चौथ्या जोडीतली डावी महाधमनीच्या कमानीचा भाग होते, उजवी उजव्या हाताच्या धमनीत जाते. शेतात नवे पाट पाडताना सुरुवातीला पाणी दहा वाटांनी धावते. मग एखादी वाट खोल होते, बाकीच्या बुजतात. ज्याची उजवी चौथी कमान बुजली, त्याच्या उजव्या हाताला पाणी लांबच्या वाटेने आणावे लागते. यात आईचा दोष नाही, ग्रहणाचा तर नाहीच. हात पुरता भरलेला असतो आणि बहुतेकांना आपल्या आत असे काही आहे याचा जन्मभर पत्ताही लागत नाही.

मात्र सर्वच जण इतके सुदैवी नसतात. बेफर्ड नावाच्या इंग्रज शल्यवैद्याचा एक निबंध १७९४ साली प्रसिद्ध झाला. अन्न गिळताना जन्मभर त्रास सोसलेल्या एका स्त्रीची ती हकीकत आहे. ती मेल्यावर देह उघडून पाहिला तेव्हा अन्ननलिकेवरून आडवी गेलेली ही धमनी सापडली. तिचे दुखणे खरे होते. त्याची जागा मात्र ती जिवंत असेपर्यंत कोणाला कळली नाही.

इथे मला ग्रंथप्रामाण्याविषयी दोन शब्द बोलावेसे वाटतात. दुसऱ्या शतकात गॅलेन नावाचा मोठा वैद्य होऊन गेला. त्याने माकडे, डुकरे, बैल यांची शरीरे फाडून पाहिली आणि लिहिले की मानेतून वर गेलेल्या धमन्यांची मेंदूच्या तळाशी एक अद्भुत जाळी होते. तशी जाळी बैलांत, मेंढ्यांत असते, माणसात नसते. तरीही तेराशे वर्षे युरोपातले पंडित माणसाच्या डोक्यात ती शिकवीत राहिले. व्हेसेलियस या तरुण प्राध्यापकाने १५३८ साली काढलेल्या चित्रांतही ती आहे. पाच वर्षांनी, १५४३ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात, त्याने स्पष्ट सांगितले की माणसात अशी जाळी नाही. आपल्याकडे सुश्रुताने मृत देह वाहत्या पाण्यात ठेवून, तो मऊ झाल्यावर थर थर घासून, डोळ्यांनी पाहायला सांगितले होते. पुढे ती रीत मागे पडली. १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी हातात शस्त्र घेतले, आणि १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, तेव्हा पाहण्याची परंपरा पुन्हा चालू झाली. भाऊ दाजी लाड हे त्याच कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले.

कोणी म्हणेल, हे सारे कमानीचे फरक पंडितांच्या वहीत राहू द्या, आम्हांला त्याचे काय? तर पाहा. आज मनगटातून नळी घालून हृदयाची अँजिओग्राफी करतात, ती नळी उजव्या हाताच्या धमनीतूनच वर जाते. धमनीची वाट निराळी असली तर नळी अडते, आणि जाणता डॉक्टर जोर करीत नाही, दुसरी वाट शोधतो. श्वास कोंडलेल्या रोग्याच्या गळ्याला छिद्र पाडावे लागते. थोड्या लोकांत श्वासनलिकेच्या अगदी पुढून एक जादा धमनी थायरॉइड ग्रंथीकडे जाते, ती कापली गेली तर रक्ताचा लोंढा येतो. आणि तिसरे उदाहरण आवाजाचे. स्वरयंत्राची उजवी नस खाली येते, उजव्या हाताच्या धमनीला खालून वळसा घालते आणि पुन्हा वर गळ्यात जाते. पण ज्याची ती धमनी अन्ननलिकेमागून आली आहे, त्याच्या नसेला वळसा घालायला तिथे काही नसते. ती सरळ आडवी स्वरयंत्रात शिरते. थायरॉइडची शस्त्रक्रिया करणाऱ्याने पुस्तकातल्या जागेवर भरवसा ठेवून चाकू चालवला, तर त्या माणसाचा आवाज घोगरा होऊन बसतो. माझ्यासारख्या सभांवर जगणाऱ्या माणसाला त्याची किंमत सांगायला नको.

अशा वाटा नीट ओळखून नवे काम करणारे सगळे पदवीधरच होते असेही नाही. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात निळ्या पडलेल्या एका बालिकेवर शस्त्रक्रिया झाली. मानेच्या बुडातून हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडून तिच्या रक्ताला प्राणवायू मिळवून दिला. शस्त्र डॉक्टर ब्लॅलॉक यांच्या हाती होते. त्यांच्या मागे स्टुलावर उभा राहून प्रत्येक टाका सांगत होता व्हिव्हियन थॉमस. हा कृष्णवर्णीय माणूस मूळचा सुतार. कॉलेजचे शिक्षण त्याला परवडले नाही. प्रयोगशाळेत डॉक्टरांच्या तोडीचे काम करीत असताना आधीच्या विद्यापीठात त्याला पगार झाडूवाल्याचा मिळत असे. १९७६ साली हॉपकिन्सने त्याला मानद डॉक्टरेट दिली. त्या रोगाच्या मुलांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाच्या शरीरात महाधमनीची कमानच उजवीकडे वळलेली असते. तेव्हा छाती कोणत्या बाजूने उघडावी, हे त्या त्या मुलाला तपासूनच ठरवावे लागते. सर्वांना एकच माप तिथे चालत नाही.

आता मी माझ्या लोकांकडे येतो. गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या आणि पहिल्या बरगडीच्या मधून हाताची धमनी बाहेर पडते. जागा मुळात अरुंद. शंभरात एकापेक्षाही कमी लोकांत मानेच्या सातव्या मणक्याला एक जादा बरगडी फुटलेली असते. ती कधी बोटभर असते, कधी पुरती लांब. धमनीला मग या बरगडीवरून वळण घ्यावे लागते. खांद्यावर ओझे आले की वरचे हाड खाली दबते, खालून बरगडी रेटते, आणि धमनी व नसा कात्रीत सापडतात. हात पांढरा पडतो, गार होतो, मुंग्या येतात, पकड सुटते. ओझे उतरवले की थोड्या वेळात सगळे ठीक दिसते.

आणि घोटाळा नेमका इथेच होतो. काही वर्षांपूर्वी एका गोदामात पंचविशीतला एक हमाल होता. दहा पोती वाहिली की त्याचा उजवा हात लुळा पडे. मुकादम म्हणे, जेवताना बरा चालतो हात! ठेकेदाराने त्याला कामचुकार ठरवले, सोबतीही हसू लागले. आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी हात वर करायला लावून, मान वळवायला लावून मनगटाची नाडी पाहिली; ती बुडत होती. एवढ्यावर न थांबता त्यांनी एक्स-रे काढला. त्यात ती बरगडी दिसली. आम्हांला वाटले, झाले, सत्य सिद्ध झाले. पण ठेकेदाराने तोच एक्स-रे आमच्यापुढे धरला आणि म्हणाला, दोष जन्माचा आहे, माझ्या कामाने झालेला नाही. असा माणूस मला नको.

बंधूंनो, ज्ञान दुधारी असते ते असे. काल तो खोटा म्हणून काढायचा होता, आज खरा ठरला म्हणून काढायचा. आम्ही एकच उत्तर धरून ठेवले, की बरगडी जन्माची खरी, पण तिच्यावरचे पोते तुमचे आहे. त्या पोत्याविना ती बरगडी त्याच्या मानेत पंचवीस वर्षे मुकाट्याने बसली होती. आठ महिने बोलणी चालली. मध्यंतरी शस्त्रक्रिया होऊन बरगडी काढली गेली. शेवटी त्याला काट्यावर वजनाच्या नोंदीचे काम मिळाले आणि बुडालेल्या मजुरीपैकी निम्मी हाती आली. पूर्ण न्याय झाला असे मी म्हणणार नाही. पण त्या गोदामात, हात दुखतो म्हणणाऱ्याला आधी तपासायचे आणि मग बोलायचे, ही रीत पडली.

सरासरी ही उपयोगी गोष्ट आहे, तिच्यावाचून कायदा करता येत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली की प्रौढ पुरुषाने हाताने वाहायचे ओझे ५५ किलोपेक्षा अधिक नसावे. त्यामागे शंभर शंभर किलोची पोती वाहून खचलेल्या पिढ्या आहेत. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, तोही असाच झगडून. अशा मर्यादा हव्यातच. परंतु मर्यादेचा आकडा कल्पनेतल्या सरासरी माणसासाठी असतो आणि पोते मात्र एका विशिष्ट माणसाच्या मानेवर ठेवले जाते. ज्याला ५० किलोही सोसत नाहीत तो लबाडच असला पाहिजे, असे त्या आकड्यातून निघत नाही. म्हणून माझे मागणे दुहेरी आहे. तक्रार करणाऱ्याची तपासणी व्हावी. आणि तपासणीत काही निघाले तर त्याला मजुरी न तोडता हलके काम मिळावे, घरचा रस्ता नव्हे. दुसरी अट नसेल तर पहिलीला कामगार भिऊन राहील आणि दुखणे लपवील.

ऐकणाऱ्यांपैकी कोणी घाबरून जाऊ नये. फरक म्हणजे रोग नव्हे. जादा बरगडी असलेल्या बहुतेकांना कसलाही त्रास होत नाही. शरीराने सोयही मोठी केली आहे. मेंदूच्या तळाशी चारही प्रवाह एका कड्यात मिळतात. विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ साली त्याचे वर्णन केले. एका माणसाची मानेची एक धमनी पुरती बंद झालेली त्याने पाहिली. तरी त्या माणसाला कधी पक्षाघात झाला नव्हता, कारण त्याच बाजूची मणक्यांतली धमनी फुगून तिचे काम करीत होती. तात्यासाहेब कोरे यांनी १९५० च्या दशकापासून या माळावर जो सहकार रुजवला त्याचे तत्त्व आपण जाणताच. एकाची चारी आटली तर दुसऱ्याने पाणी सोडायचे. पण हे कडेही पुष्कळ माणसांत अपुरे असते, कुठे एखादा दुवा बारीक, कुठे नाहीच. म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. केस कापून झाल्यावर हौसेने मान कडकन मोडून घेऊ नका. त्या झटक्याने मणक्यांतली धमनी आतून फाटल्याची उदाहरणे आहेत. आणि एकाएकी तोंड वाकडे झाले, हात पडला, बोलणे अडखळले, तर देवऋषी किंवा मालिश यांत वेळ न दवडता मोठ्या दवाखान्यात न्या. रक्ताची गाठ विरघळवण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

शेवटी एका ऋणाची आठवण करून देतो. हे सारे फरक, हे आकडे, कोणाच्या देहांतून कळले? इंग्लंडात १८३२ साली कायदा झाला आणि अनाथगृहांत मेलेल्या बेवारस गरिबांचे देह वैद्यकशाळांना मिळू लागले. आपल्याकडे १९४९ चा मुंबईचा शरीररचनाशास्त्र कायदा आहे; त्यातही बेवारस देह देण्याची तरतूद आहे. फूटपाथवर मेलेला हमाल, धर्मशाळेत मेलेली मजूरबाई, ज्यांना जिवंतपणी कोणी तपासले नाही, त्यांच्या मानेवर शिकून डॉक्टर तयार झाले आणि तुमची आमची मान सुरक्षित झाली. मराठीत मान या शब्दाचे दोन अर्थ आहेत. या लोकांनी एक मान दिली. दुसरा मान त्यांना मिळायचा राहिला आहे.

तो कसा द्यायचा? १९६२ साली मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, कोल्हापुरातही आज वैद्यकीय महाविद्यालये आहेत. शिकणाऱ्या मुलांना देह लागतात, आणि ते केवळ ज्यांना कोणी नाही त्यांचेच का असावेत? ज्यांना पोटच्या पोरांनी खांदा द्यावा अशा आपल्यासारख्यांनीही देहदानाचा विचार करावा, आणि घरच्यांशी तो आधीच बोलून ठेवावा, कारण ऐनवेळी निर्णय त्यांनाच घ्यायचा असतो. आणि जोवर जिवंत आहोत तोवर, हात दुखतो असे कोणी सांगितले की हसण्यापूर्वी त्याची नाडी पाहावी.